नामदेव जाधव (व्हिक्टोरिया क्रॉस)

नामदेव जाधव (१८ नोव्हेंबर १९२१ – २ ऑगस्ट १९८४) हे ब्रिटिश भारतीय सेनेतील ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे शिपाई होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या पर्वात, ९ एप्रिल १९४५ रोजी, इटलीतील सेनिओ नदीवरील लढाईत त्यांनी गाजवलेल्या शौर्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिश साम्राज्याचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला. तत्कालीन अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील संगमनेर तालुक्यातले निमज हे त्यांचे गाव. त्या दिवशी त्यांच्या हाती टॉमीगन, म्हणजे थॉमसन सबमशीनगन होती. त्यामुळे या हत्याराच्या इतिहासातही त्यांचे नाव येते.

नावाचे लेखन

जाधव यांचे आडनाव रोमन लिपीत निरनिराळ्या प्रकारे लिहिलेले आढळते. जून १९४५ च्या लंडन गॅझेटमध्ये ते जाधाओ असे वाचले जाईल अशा अक्षरांत छापले आहे. काही इंग्रजी ग्रंथांत ते जादव असे, तर काही ठिकाणी जाधव असे येते. व्यक्ती मात्र एकच आहे. रेजिमेंटच्या नावातील मराठा हा शब्दही त्या काळी इंग्रजीत जुन्या पद्धतीने, मधे एक ह घालून लिहीत असत. जुनी कागदपत्रे पाहताना ही दोन्ही रूपे ध्यानात ठेवावी लागतात.

गाव आणि काळ

संगमनेर हे प्रवरा नदीच्या काठी वसलेले जुने गाव. जिल्ह्याचा पश्चिम भाग सह्याद्रीला टेकलेला, तर पूर्वेकडचा मोठा भाग पर्जन्यछायेतला आहे. अशा कोरडवाहू देशावरून आणि कोकणातून मराठा पलटणींना पिढ्यान्‌पिढ्या जवान मिळत आले. महायुद्धाच्या काळात भारतीय सेनेची संख्या पंचवीस लाखांच्या वर गेली. सक्तीची भरती न करता उभी राहिलेली एवढी मोठी सेना जगात दुसरी नव्हती. जाधव हे या प्रचंड सेनेतले एक साधे शिपाई होते.

त्यांचे युद्धकार्य वाचताना याच जिल्ह्यात तेव्हा काय चालले होते हेही आठवावे लागते. ऑगस्ट १९४२ मध्ये छोडो भारत ठरावानंतर जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, आचार्य नरेंद्र देव आदी काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना सरकारने अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध केले. नेहरूंनी भारताच्या शोधावरील आपला सुप्रसिद्ध ग्रंथ याच किल्ल्यात लिहिला. मार्च १९४५ च्या अखेरीस त्यांना तेथून हलवण्यात आले आणि त्यानंतर पंधरवड्याच्या आतच जाधव सेनिओ नदीच्या पात्रात उतरले. एकाच जिल्ह्याच्या मातीत एक सरकार देशाच्या नेत्यांना कोंडून ठेवत होते आणि त्याच मातीतल्या तरुणाला आपल्या युद्धात लढायला पाठवत होते. या विसंगतीमुळे स्वातंत्र्यानंतर व्हिक्टोरिया क्रॉसच्या भारतीय मानकऱ्यांची आठवण काहीशी आडबाजूला राहिली. त्यांच्या शौर्याचे मोल त्यामुळे कमी ठरत नाही. पण शालेय इतिहासात त्यांना जागा का मिळाली नाही, याचे कारण इथे सापडते.

पलटण आणि इटलीची मोहीम

पहिली मराठा पलटण १७६८ मध्ये मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या सेनेत उभी राहिली. जंगी पलटण या नावाने ती ओळखली जाते. १९२२ च्या पुनर्रचनेत ती ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण झाली. त्याच सुमारास रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र बेळगावला आले आणि आजही ते तिथेच आहे.

महायुद्धात ही पलटण ८ व्या भारतीय डिव्हिजनच्या २१ व्या ब्रिगेडमध्ये होती. सप्टेंबर १९४३ मध्ये डिव्हिजन इटलीच्या दक्षिण टोकाशी असलेल्या तारांतो बंदरात उतरली आणि तिथून लढत लढत उत्तरेकडे सरकली. इटलीची भूमी बचाव करणाऱ्याला अनुकूल होती. मधोमध पर्वतरांग, तिच्यातून दोन्ही समुद्रांकडे धावणाऱ्या असंख्य नद्या, आणि प्रत्येक नदीमागे जर्मन सैन्याची नवी फळी. सांग्रो, गारी, आर्नो अशी नद्यांची नावेच या मोहिमेची पाने झाली. १९४४-४५ च्या हिवाळ्यात दोस्त सैन्याची आघाडी रावेन्ना प्रांतातील सेनिओ नदीशी येऊन थबकली आणि वसंत ऋतू येईपर्यंत तिथेच राहिली.

सेनिओ नदी

सेनिओ ही तशी लहान नदी. जाधव यांच्या पलटणीने जिथे हल्ला केला तिथे पाण्याचा पट्टा सुमारे १५ फूट रुंद आणि ४ ते ५ फूट खोल होता. प्रवरेच्या काठी वाढलेल्या माणसाला ती नदी म्हणण्याजोगीही वाटली नसती. खरा अडथळा पाण्याचा नव्हता, बांधांचा होता. पुरापासून शेती वाचवण्यासाठी दोन्ही काठांवर ३० ते ३५ फूट उंचीचे मातीचे बांध घातलेले होते. त्या सपाट मुलखात अशा बांधावर ज्याचा ताबा, त्याच्याच हाती सारा परिसर.

पूर्वेकडचा बांध जर्मन सैनिकांनी आतून पोखरला होता. त्यात राहण्याची भुयारे आणि गोळीबाराची ठाणी होती. भुयारांच्या तोंडांवरच्या बाजूने, एकेका पावलाच्या अंतरावर, शू नावाच्या भूसुरुंगांची माळ लावलेली होती. हा सुरुंग म्हणजे लाकडी पेटीत सुमारे २०० ग्रॅम स्फोटक. पेटी लाकडी असल्यामुळे धातूशोधक यंत्राला तो सहज सापडत नसे. त्याने बहुधा माणूस मरत नसे, पाऊल तुटत असे. जखमीला उचलायला आणखी दोन माणसे लागत आणि तीही त्याच पट्ट्यातून जात.

९ एप्रिल १९४५

ब्रिटिश आठव्या सैन्याच्या अंतिम चढाईला ९ एप्रिलच्या दुपारी प्रारंभ झाला. प्रथम अवजड बॉम्बफेकी विमाने आली, मग तोफांचा मारा सुरू झाला. मारा मध्येच थांबवण्यात येई. हल्ला आला असे समजून जर्मन सैनिक ठाण्यांवर येत आणि मारा पुन्हा सुरू होई. अखेरीस आग ओकणारी वाहने बांधापर्यंत आली आणि संध्याकाळी पायदळ पुढे निघाले. ८ व्या भारतीय डिव्हिजनच्या डावीकडे न्यूझीलंडची डिव्हिजन होती. लुगो आणि फुसिन्यानो या गावांच्या परिसरात भारतीय पलटणी नदीत उतरल्या.

जाधव हे कंपनीचे रनर, म्हणजे निरोप्या होते. बिनतारी यंत्र बंद पडले किंवा दूरध्वनीची तार तुटली की कंपनी कमांडरचा हुकूम पुढच्या तुकड्यांपर्यंत आणि त्यांची खबर मागे पोहोचवणे हे त्याचे काम. लढाईत ज्या मोकळ्या जागेतून इतरांना एकदा जावे लागते, तिथून निरोप्याला अनेकदा जावे लागते. कमांडरपासून तो दूर राहू शकत नाही, म्हणून त्या संध्याकाळी जाधव आघाडीच्या एका तुकडीच्या लगोलग मागे, आपल्या कंपनी कमांडरबरोबर पाण्यात उतरले.

पाण्यातून बाहेर पडताच पूर्वेकडच्या बांधाच्या आतल्या बाजूने किमान तीन मशीनगनांचा मारा त्यांच्यावर झाला. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी झाले. बाकीचे जागीच ठार झाले. त्या छोट्या गटात धड राहिलेला माणूस एकच होता, आणि तो निरोप्या.

यानंतर जाधव यांनी काय केले याचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुढे लिहिल्या गेलेल्या संक्षिप्त वृत्तांतांत तो अनेकदा उलटापालटा होतो. त्यांनी आधी बंदूक चालवली नाही. प्रथम एका जखमीला उचलून ते पुन्हा खोल पाण्यात उतरले, उभ्या चढणीच्या बांधावर चढले आणि भूसुरुंगांच्या पट्ट्यातून त्याला सुरक्षित जागी नेऊन ठेवले. मग परत येऊन दुसऱ्या जखमीलाही त्याच वाटेने नेले. दोन्ही खेपांत मशीनगनांचा आणि उखळी तोफांचा मारा चालूच होता. एवढे झाल्यावर ते तिथेच थांबते तरी कर्तव्यात कसूर केली असे कोणी म्हटले नसते.

ते तिसऱ्यांदा परतले. त्या मशीनगनांनी मागच्या कंपन्यांना जखडून ठेवले होते आणि पलीकडे त्यांचे सोबती मरून पडले होते. सर्वांत जवळच्या ठाण्यावर धावून जाऊन त्यांनी टॉमीगनने ते निकामी केले. यातच त्यांच्या हाताला गोळी लागली आणि बंदूक चालवणे अशक्य झाले. तेव्हा त्यांनी ती टाकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. जखमी हाताने आणखी दोन ठाण्यांवर चाल करून त्यांनी ती एकामागून एक नष्ट केली. मध्यंतरी हातबॉम्ब संपले, तेव्हा ते सरपटत बांधाच्या माथ्यापर्यंत गेले, पलीकडच्या उतारावरील सोबत्यांकडून आणखी हातबॉम्ब मागून घेतले आणि पुन्हा खाली आले.

पूर्व बांधावरील मशीनगनांचा आवाज थांबल्यावर जाधव बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहिले. उखळी तोफांचा मारा अजून चालूच होता. तिथून त्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांच्या जयजयकाराची रेजिमेंटची रणघोषणा दिली आणि हात हलवून मागे राहिलेल्या कंपन्यांना नदीपार बोलावले. मराठे पलीकडे गेले आणि पलटणीला तेथे पाय रोवता आले. कमांडर जखमी आणि तुकडी संपलेली असताना मागच्यांपर्यंत खबर पोहोचवणे हेच निरोप्याचे काम होते, आणि ते त्यांनी अशा रीतीने केले.

दुसऱ्या दिवशी, १० एप्रिलला, लुगो शहर मुक्त झाले. याच ९ एप्रिलच्या संध्याकाळी, याच नदीवर आणि याच डिव्हिजनमधील १३ व्या फ्रंटियर फोर्स रायफल्सचे शिपाई अली हैदर यांनीही व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. इटलीतील जर्मन सैन्याची शरणागती २ मे रोजी अमलात आली, म्हणजे तेवीस दिवसांनी.

टॉमीगन

जाधव यांनी टाकून दिलेले हत्यार त्या काळी जगात सर्वांत प्रसिद्ध होते. अमेरिकन लष्करी अधिकारी जॉन थॉमसन (१८६०–१९४०) यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात, खंदकांतल्या जवळच्या लढाईसाठी, त्याची कल्पना मांडली. पिस्तुलाचे काडतूस वापरून रायफलीपेक्षा आखूड पण सलग गोळ्या झाडणारी बंदूक असावी, असा त्यांचा विचार होता. सबमशीनगन हा शब्दही त्यांच्याच कंपनीने रूढ केला. बंदूक तयार होईपर्यंत ते युद्ध संपले. १९२१ च्या सुमारास कोल्ट कारखान्याने १५,००० नग बनवले, पण गिऱ्हाईक फारसे मिळाले नाही. दारूबंदीच्या काळातील अमेरिकन टोळ्यांनी आणि पुढे चित्रपटांनी तिला जी कीर्ती दिली, ती थॉमसन यांना अभिप्रेत नव्हती.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटनकडे स्वतःची एकही सबमशीनगन नव्हती. म्हणून १९४० पासून थॉमसन मोठ्या संख्येने विकत घेण्यात आल्या. चित्रपटांत दिसणारा गोल डबा लढाईत अवजड ठरे आणि खडखडे, म्हणून सैनिक वीस किंवा तीस गोळ्यांचे सरळ मॅगझीन वापरत. ४.५ इंची दंडुक्यासारखी आखूड दिसणारी नाही, तर चांगली पाच किलोच्या घरातली, लोखंड आणि लाकडाची ही बंदूक होती. तिची गोळी सुमारे ११.४ मिलिमीटर व्यासाची, जड आणि तुलनेने मंद. शंभर-दीडशे पावलांपलीकडे तिचा उपयोग कमी होई. सेनिओच्या बांधावर मात्र अंतरे त्याहून पुष्कळ कमी होती.

मग तिच्याऐवजी स्वस्त हत्यारे शोधणे सुरू झाले. ब्रिटनने प्रथम जर्मन एमपी २८ या बंदुकीची जवळजवळ हुबेहूब नक्कल करून लँचेस्टर बनवली. त्यानंतर पत्रा आणि नळ्यांपासून तयार होणारी स्टेनगन आली, तिचे चाळीस लाखांहून अधिक नग निघाले. युद्धाच्या शेवटी पोलाद आणि वेळ दोन्ही संपत आल्यावर जर्मनीनेच स्टेनगनची नक्कल केली. चीनमध्ये शान्शी प्रांतातील तायुआन येथील कारखान्यात थॉमसनच्या प्रती त्याआधीच, १९२० च्या दशकात, निघू लागल्या होत्या. स्टेन आल्यावरही इटलीतील ब्रिटिश आणि भारतीय पलटणींकडे थॉमसन राहिल्या. त्यामुळेच त्या आघाडीवरच्या मराठ्यांच्या कथांत टॉमीगन येते.

यशवंत घाडगे यांच्याशी साम्य

इटलीच्या मोहिमेत भारतीय सेनेतील सहा जणांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि त्यांत दोघे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे होते. दुसरे म्हणजे रायगड, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे. त्यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा, जाधव यांच्याहून फक्त दोन दिवस आधीचा. १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात तिसऱ्या पलटणीच्या हल्ल्यात त्यांच्या तुकडीतील सर्व माणसे पडली. घाडगे एकटेच मशीनगनच्या ठाण्यावर धावले. त्यांनी आधी हातबॉम्ब टाकला, नंतर टॉमीगनने एकाला मारले. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार केले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तेही धारातीर्थी पडले.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून वाचले म्हणजे लक्षात येते की दोघांच्याही हातातली नामांकित बंदूक ऐन वेळी निरुपयोगी झाली. एकाची गोळ्या संपल्यामुळे, दुसऱ्याचा हात जखमी झाल्यामुळे. तरीही दोघे थांबले नाहीत.

प्रतिकृती आणि कायदा

टॉमीगनला आज वेगळे आयुष्य मिळाले आहे. १९७० च्या दशकापासून अमेरिकेत तिच्या प्रतिकृती नव्याने बनवून विकल्या जातात. हौशी लोक त्या विकत घेतात आणि नेमबाजीच्या मैदानावर चालवतात. स्टेन, उझी आदी जुन्या सबमशीनगनांच्याही अशा प्रती निघतात. बाहेरून त्या मूळ बंदुकीसारख्या दिसतात, पण चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. तिथल्या कायद्याने सोळा इंचांहून आखूड नळीच्या रायफलीसाठी वेगळी नोंदणी लागते, म्हणून सर्वसाधारण प्रतीची नळी मुळापेक्षा लांब असते आणि जाणकाराला ती दुरूनच खटकते. मूळ स्वयंचलित नग मे १९८६ पूर्वी नोंदलेले असतील तरच खासगी मालकीत राहू शकतात, त्यामुळे त्यांच्या किमती फार चढल्या आहेत.

भारतात हा छंद शक्य नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार चाप दाबून ठेवला असता गोळ्या सुटत राहतील अशी बंदूक प्रतिबंधित शस्त्रांत मोडते. नेमबाजीचे क्लब रायफल, पिस्तूल आणि शॉटगन चालवतात. सबमशीनगन येथे फक्त सेना आणि पोलीस यांच्याकडे असते. स्वातंत्र्यानंतर भारतीय सेनेने ब्रिटिश स्टर्लिंग बंदूक कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनवून घेतली आणि जवानांच्या तोंडी ती कार्बाइन या नावानेच रुळली. जाधव यांच्या हातातली थॉमसन ही सरकारी मालमत्ता होती, सेनिओच्या काठावर पडलेली. हौशी संग्राहकांच्या दुनियेत अशा बंदुकीला मोठे मोल येते. जाधव यांना तिची किंमत त्या संध्याकाळी पहिल्या ठाण्यापर्यंतच होती.

सन्मान आणि पुढील आयुष्य

जून १९४५ मध्ये लंडन गॅझेटमध्ये पुरस्काराची घोषणा झाली. व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ मध्ये सुरू झाला, परंतु भारतीय सैनिकांना तो १९११ पर्यंत मिळू शकत नव्हता. घोषणा झाली तेव्हा जाधव तेवीस वर्षांचे होते. त्याच जून महिन्यात नेहरूंची तुरुंगातून सुटका झाली. दोन वर्षांनी देश स्वतंत्र झाला. २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्राची स्थापना होऊन व्हिक्टोरिया क्रॉस हा गतकाळाचा सन्मान ठरला.

जाधव पुढे हवालदार या पदापर्यंत पोहोचले. २ ऑगस्ट १९८४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. घाडगे यांना वीरमरण आले होते, जाधव यांना मात्र त्या दिवसानंतर एकोणचाळीस वर्षांचे आयुष्य लाभले.

लंडनमध्ये कॉन्स्टिट्यूशन हिल येथे २००२ मध्ये उभारलेल्या स्मारकद्वारांजवळच्या मंडपात, भारतीय उपखंडातील व आफ्रिकेतील व्हिक्टोरिया क्रॉस आणि जॉर्ज क्रॉसच्या मानकऱ्यांची नावे छताच्या आतल्या बाजूस लिहिलेली आहेत. त्यांत जाधव यांचेही नाव आहे. इटलीत फोर्ली येथे भारतीय सेनेचे युद्धस्मशान असून, ज्यांचे दहन झाले त्यांच्यासाठी तिथेच वेगळे स्मारक आहे. सेनिओच्या बांधावर पडलेले सैनिक ज्या मोहिमेत लढले, तिच्यातील अनेकांची नावे तेथे कोरलेली आहेत.